मोटेच्या चामड्याचा झोळा

मोशी,
फेब्रुवारी १९५८

प्रिय गवरा,

हे पत्र मी बसून लिहितोय. चुकून वाचलं असं वाटलं तर परत वाच. ओसरीतल्या बाजेवर, पाठीशी फळी लावून, मांडीवर पोळपाट घेऊन बसलोय. समोर रस्ता दिसतोय, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून माझ्याकडे बघतोय. बघू दे. वर 'प्रिय' लिहिलं म्हणून हसू नकोस. आपल्यात बायकोला 'सौ.' लिहितात, मलाही तेच लिहायचं होतं. पण तुझ्या वडिलांनी भैरूच्या हाती निरोप धाडलाय की सोमवारी पंच बसवतोय, काडीमोड द्या आणि पोरीला मोकळी करा. म्हणजे तुझ्या नावामागचं 'सौ.' माझं राहणार की नाही ते आता पंच ठरवणार. 'प्रिय' लिहायला मात्र कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, तुझ्या बापाची, म्हणजे मामांचीसुद्धा नाही. तुला जुळवून वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढतोय. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. आणि लेक मांडीवर असेल तर तिला कागद खाऊ देऊ नकोस. मी तिला अजून पाहिलेलं नाही, पण आपली आहे म्हणजे खाणारच.

भैरू आला तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. तुझा चुलतभाऊ असला तरी माणूस मनानं चांगला. बिचाऱ्याला माझ्याकडे बघवेना. टोपी काढ, घाल, काढ, घाल, असं बराच वेळ चाललं. मग म्हणाला, "दाजी, रागावू नका. पोरीचं वय काय, पुढं समदं आयुष्य पडलंय. पंचांपुढं काडी मोडायची, दोन तुकडं टाकायचं, झालं. तिला कुठंतरी पाट लावता यील. तुमास्नी तर उठता येत न्हाई, तवा पंचच हितं येतील, तुमाला तरास नको." गवरा, काडीमोडीपेक्षा मला ते शेवटचं वाक्य जास्त लागलं. पंच येणार, माझ्या खाटेभोवती उभे राहणार, आणि मी उताणा पडून छातीवर काडी मोडणार. लग्न लागताना मी उभा होतो ना? मग ते मोडताना आडवा का? भैरूला मी जे उत्तर दिलं ते त्यानं तुला सांगितलं नसेल. मीच त्याला दम दिलाय. ते उत्तर पुढं लिहितोच, पण आधी बाकीचं ऐक, नाहीतर तू म्हणशील, माणूस डोक्यानंही गेला.

तू घरात असतीस तर या वेळी म्हणाली असतीस, दिवसभर लोखंड उचलता आणि घरात एक घागर उचलायची म्हटलं की हात दुखतात. आठवतंय? तेव्हा मी उत्तर द्यायचो की आम्ही खलाशी, जड वस्तू उचलायची, हलवायची आणि जागेवर बसवायची हेच आमचं काम, घागर फार हलकी पडते. पिंपरीला कारखाना उभा राहत होता तेव्हा सावळाराम मुकादमाच्या टोळीत आम्ही घराएवढ्या टाक्या दोरांवर उचलल्या, कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही. आणि चिमाजीच्या विहिरीतला गाळ काढायला सुट्टीच्या दिवशी शेजारधर्म म्हणून गेलो, गाळ वर ओढणाऱ्या यारीचा दोर सरळ करायला काठावर वाकलो, आणि पाय घसरला. कुणाचा दोष नाही. शेवाळ होतं. कमरेखालचं सगळं त्या विहिरीतच राहिलं असं समज.

त्यानंतर तू मला उचलत होतीस. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. सकाळी काखेत हात घालायचीस, आई पाय धरायची, आणि या खाटेवरून त्या खाटेवर. माझी हनुवटी तुझ्या खांद्यावर टेकलेली, तुझा श्वास माझ्या कानाशी फुटलेला. ओली चादर काढायची, पाठ पुसायची, परत उचलायचं. एकदाही 'आई गं' म्हणाली नाहीस. म्हणायचीस, "अवो, जरा हलकं व्हा की, दगडं खाल्ली काय काल?" मी हसायचो आणि मला रडू यायचं, दोन्ही एकदमच. पोटात पोर घेऊन तू ते करत होतीस. मग त्या दिवशी मला नीट ठेवलंस, चादर सारखी केलीस, उंबऱ्यावर बसलीस ती उठेचनास. तोंड पांढरं फटक. सुईण आली. तुला ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. मला येऊन म्हणाली, हिनं आता तुला उचललं तर पोर हातचं जाईल, आणि पोराबरोबर हीही जाईल.

मामा तुला न्यायला आपणहून आले असं तुला आजवर वाटत आलंय. तसं नाही. चिमाजीच्या हाती निरोप मी धाडला होता, की बाळंतपणाचं निमित्त करून आताच घेऊन जा, मी सांगितलं म्हणू नका. तू गाडीत बसताना परत आत आलीस आणि म्हणालीस, "येक शब्द तरी बोला. म्हना की जाऊ नगं." मी भिंतीकडे तोंड केलं. बोललो असतो तर 'नको जाऊ' हेच तोंडातून आलं असतं. त्याची मी माफी मागणार नाही. लेक धडधाकट आहे, तू धडधाकट आहेस. तू मला काय काय शिव्या घातल्या असशील त्या सगळ्या कबूल, समोर भेटलो की परत घाल.

तू गेल्यावर काय झालं ते आईनं तुला कळवलं नाही, मीच कळवू दिलं नाही. आधी शेजारची पोरं यायची. चौघं मिळून उचलायचे, फार मायेनं उचलायचे. पण पिंपरीचा भोंगा आता मोशीच्या पोरांनाही बोलवायला लागलाय. एकाची सकाळची शिफ्ट, दुसऱ्याची दुपारची, तिसरा झोपलेला. त्यांना तरी काय म्हणू? मीच पहिल्यांदा त्या वाटेनं गेलो होतो. एकटी आई मला कुशीवर वळवायची तेवढंच. पाठीखाली ओल राहायला लागली, मग कातडी लाल झाली, मग फुटली. तळेगावच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. सरळ बोलणारा माणूस. म्हणाले, ज्योतीराम, तुझे पाय मी आणू शकत नाही, पण तू पायांनी मरणार नाहीस, तू या पाठीनं मरशील. रोज या खाटेवरून त्या खाटेवर जायला पाहिजे, अंथरूण कोरडं पाहिजे, दिवसातून थोडं बसायला पाहिजे. कसं ते तुम्ही बघा. मी मनात म्हटलं, बघतो.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला. दोन बांबू आणि मधे पोतं शिवून घेतलं. चौघं जमले, मला पोत्यावर सरकवलं, उचललं, आणि ओसरीत न्यायला निघाले. पोरं हुशार, दाराची उंची बघून वळली, आणि वळताना माझे पाय पुढे झाले. आई चुलीशी होती. तिनं मान वर करून बघितलं तर दोन बांबू, चौघांचे खांदे, आणि पाय पुढे करून उंबऱ्याबाहेर चाललेला तिचा मुलगा. अगं, तिनं जो टाहो फोडला, बाजूच्या आळीतल्या बायका रडत धावत आल्या! कुणी विचारलंसुद्धा नाही काय झालं ते. चिमाजीची म्हातारी तर माझ्या नावानं दोन ओळी गाऊन मोकळी झाली, मी डोळे उघडे ठेवून ऐकतोय. पोरांनी घाबरून मला दारातच खाली ठेवलं. आईनं ते बांबू कोयत्यानं तोडले आणि चुलीत घातले. "जित्या मानसाला असं न्यायचं न्हाई. पुन्यांदा आणाल तर मी हिरीत उडी घीन," म्हणाली. पोरांना हसू आलं होतं, मलाही आलं होतं. पण आईनं संध्याकाळपर्यंत माझ्या खाटेची कड सोडली नाही. मग मीच ठरवलं, या घरात बांबू नाही आणि खांदे नाहीत.

मग सावळाराम मुकादम आले. तुला माहीत आहेत, मालवणकडचे, बोलायला तिखट आणि मनानं मऊ. सुट्टीच्या दिवशी सुक्या बांगड्याची पुडी घेऊन आले. आईच्या गळ्यात माळ, तिनं ती पुडी फाटकाबाहेर पेरूच्या झाडाला टांगायला लावली आणि मगच त्यांना आत घेतलं. माझी पाठ बघून त्यांचे डोळे भरले. मी म्हटलं, मुकादम, रडायचं नंतर. आता मला माणूस समजू नका, माल समजा. वजन तुम्हाला अंदाजानं कळतं. कुठून धरायचा, कसा उचलायचा, कुठं ठेवायचा, ते सांगा. एक क्षण मला वाटलं, कानाखाली वाजवतात. मग ते खाटेशी बसले, माझ्या कमरेखाली, मांडीखाली, मानेखाली हात घालून जोखू लागले, जसे टाकीला दोर कुठं घालायचा ते बघायचे तसे, आणि म्हणाले, "मेल्या, आमी बोटी उचलल्यो, तुझां काय घेवन बसलंस?" गवरा, त्या दिवसापर्यंत सगळ्यांनी मला दुखऱ्या माणसासारखंच हात लावला होता. कामाचा हात लागला आणि मला बरं वाटलं.

नकाशा माझ्या डोक्यात तयार होता. वर्षभर उताणा पडून मी आपलं आढं पाठ केलंय. कोणती तुळई सागाची, कोणती बाभळीची, कुठं वाळवी लागलीय, कुठं तुझ्या चुलीच्या धुरानं काळं झालंय, सगळं माहीत. आतल्या खोलीपासून ओसरीपर्यंत सागाची एक तुळई सलग जाते. तिच्याखाली एक लोखंडी नळी टांगायची. नळीवर कडं, कड्याला कप्पी, कप्पीतून दोर, आणि दोराचं दुसरं टोक भिंतीजवळच्या रहाटाला. रहाट म्हणजे आपल्या आडावर पाणी शेंदायला असतो तसाच, फक्त त्याला अडकण म्हणून एक खुंटी, म्हणजे हात सोडला तरी माल खाली येणार नाही. कप्प्या दोनाला दोन अशा लावल्या की वजन वाटलं जातं, पोरसुद्धा मोठ्या माणसाला उचलू शकतं. हे सगळं मी रोज पिंपरीला करत होतो. घरात करायचं सुचलं नाही, कारण घरात उचलायला तू होतीस.

राहिला झोळा, म्हणजे मला कशात घालायचं ते. पोतं टोचतं, कापड फाटतं. चिमाजीनं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवल्यापासून त्याची मोट गोठ्यात लटकत होती, चांगलं जाड चामडं, तेल पिऊन मऊ झालेलं. ती मागून घेतली. मुरारीला बोलावलं, साऱ्या गावाच्या मोटा त्यानंच शिवलेल्या. तो मापं घ्यायला आला आणि रिवाजाप्रमाणे ओसरीखालीच उभा राहिला. मी म्हटलं, मुरारी, वर ये, मला खाली येता येत नाही. तो आईकडे बघायला लागला. आई आत गेली. मुरारी वर आला, माझी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मापं घेतली, कुल्ले किती रुंद तेही घेतलं आणि म्हणाला, मालक, बैलापरीस सोपं हाय. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, आपल्याच कपातून. तिनं तो त्याच्या हातात दिला आणि मला दटावलं, "बघतो काय, तुलाबी आनते की."

आणि आता ऐक काय झालं. झोळा शिवून आला, दिसायला देखणा. चार कोपऱ्यांना चार दोर, वर आडवं लाकूड. मला आत घातलं, सावळारामांनी रहाट फिरवला, मी खाटेवरून वीतभर उठलो, हातभर उठलो, सगळे 'वा वा' म्हणतायत, आणि मी पायांकडून हळूहळू निसटायला लागलो. अरे धरा, म्हणेपर्यंत मी झोळ्यातून सुर्रकन बाहेर येऊन कांद्याच्या पोत्यांवर पडलो होतो. लागलं नाही. पोती मीच खाली रचून घेतली होती, खलाशाची खोड. मुरारीनं झोळा उलटा करून बघितला आणि कपाळाला हात लावला. आयुष्यभर मोटा शिवणारा माणूस, हात आपोआप चालला. त्यानं झोळ्याला सोंड ठेवली होती! विहिरीतून पाणी वर आलं की मोट ज्या तोंडानं रिकामी होते, तीच सोंड, माझ्या बुडाशी. म्हणजे मी वर आल्याबरोबर त्यानं मला ओतून टाकलं. सावळाराम हसून हसून खाली बसले. मुरारीचं तोंड मात्र उतरलं. मी त्याला म्हटलं, सोंड कापून टाक, पण भोक बुजवू नकोस, कडा वळवून घे. आता त्याच भोकाखाली भांडं ठेवतात आणि माझं सकाळचं काम होतं, अंथरूण भिजत नाही, आईला काही उपसावं लागत नाही. तुला हे लिहायला मला लाज वाटत नाही, तुझं काय बघायचं राहिलंय.

दुसऱ्यांदा मी घाई करू दिली नाही. खलाशाचा नियम, माणूस टांगायच्या आधी त्याहून जड माल टांगून बघायचा. कांद्याची पोती टांगली, सकाळपासून जेवणवेळेपर्यंत तशीच ठेवली, दोर तसूभर खाली आला नाही. मग मुकादम स्वतः बसले. मग माझी पाळी, तर आई आडवी आली. "आदी म्या," म्हणाली. कोणाचं ऐकेना. पदर खोचला आणि झोळ्यात बसली. उचलल्याबरोबर डोळे मिटून "इठ्ठला, आले रे," असं ओरडली, आणि मग हळूच एक डोळा उघडून खाली बघितलं, पाय हलवून बघितले, आणि हसायला लागली. गवरा, तू गेल्यापासून आई हसली नव्हती. पोरीसारखं दोनदा इकडून तिकडं फिरवून घेतलं तिनं. उतरल्यावर म्हणाली, घाला आता त्याला.

मग मी वर गेलो. पाठ खाटेवरून सुटली आणि पहिल्यांदा पाठीला वारा लागला. रहाटावर आईच होती, मी तसं सांगितलं होतं. तिला सावळारामांनी आमच्या टोळीची आरोळी शिकवली आहे, जोर लावताना 'हैस्सा' म्हणायचं. अशी हडकुळी म्हातारी, गळ्यात तुळशीची माळ, आणि गोदीतल्या खलाशासारखी 'हैस्सा' करतेय! खुंटी अडकली, तिनं मला एका हातानं ढकललं, आणि मी तुळईखालून सरकत आतल्या खोलीतून ओसरीत आलो. पाय पुढे नव्हते. मी बसलेला होतो. समोर उजेड होता, रस्ता होता, नदीकडची झाडं होती. मी रडलो, खोटं कशाला सांगू. आई रहाट धरून उभी होती आणि तीही रडत होती, आणि मुरारी आम्हा दोघांवर ओरडत होता की रडा, पर खुंटी धरा.

तेव्हापासून रोज तसंच चाललंय. सकाळी आतल्या खाटेवरून ओसरीत, दुपारी परत. झोळ्याला आतून गोधडीचं अस्तर लावलंय, तुझ्या निळ्या लुगड्याची गोधडी. आईनं विचारलं होतं, लावू का? मी म्हटलं, तीच लाव. पाठीची जखम भरत आलीय. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांनी पाठ बघितली, झोळा बघितला, मग स्वतः रहाट फिरवून बघितला. जाताना म्हणाले, तळेगावला असे आणखी तिघं पडून आहेत, त्यांच्यासाठी शिवशील का? मी म्हटलं, मुरारी शिवेल, दोर मी ओवीन. बसून हात मोकळे झालेत ना. सावळारामही त्यांच्या टोळीचे दोर माझ्याकडे टाकायला लागलेत, फाटलेले जोडायला, नवे वळायला. ओसरीत बसून मी ते करतो. म्हणजे मी आता नुसता पडून खाणारा नाही.

पण घरात बसणं निराळं आणि बाहेर पडणं निराळं. बाहेर तुळई कुठून आणणार? म्हणून बाभळीचे तीन वासे घेऊन एक तिकाटणं केलंय. तिन्ही टोकं वर एकत्र बांधायची, पाय फाकवायचे, मधे कप्पी, खाली झोळा. ते गाडीत जातं, उतरवलं की कुठंही उभं राहतं. गेल्या आठवड्यात चाकणच्या बाजाराला गेलो. माझाच हट्ट. आई नको म्हणत होती, सावळारामही नको म्हणत होते. बाजारात गाडी थांबली, तिकाटणं उभं राहिलं आणि मी सगळ्या बाजारासमोर झोळ्यातून हवेत उठलो. कांदे मोजणारे मोजायचे थांबले. पोरं ओरडायला लागली, "मानूस टांगला, मानूस टांगला!" कुणीतरी म्हणालं, वजन करतायत बहुतेक. माझे कान तापले, वाटलं, परत गाडीत घाला, घरी न्या, दार लावा. मी दात आवळून तसाच लोंबकळत राहिलो. खाली उतरवून मला बाजेवर बसवलं. पाच-दहा माणसं जमली, हसली, मग एकानं विचारलं की याला किती दोर लागतो, त्याचा बाप घरी पडून आहे म्हणे. मी त्याला सांगत बसलो. घरी येईपर्यंत लाज संपली होती. ती मला चाकणलाच संपवायची होती, पुढं कुठं सोबत न्यायची नव्हती.

आता भैरूला दिलेलं उत्तर लिहितो, कारण पत्र त्यासाठीच आहे. मी त्याला म्हटलं, मामांना सांग, पंचांना मोशीला आणू नका. मी येतोय. रविवारी चिमाजीच्या गाडीतून निघू, चाकणला मुक्काम करू, आणि सोमवारी खेड ओलांडून तुमच्या वाडीला पोचू. बरोबर आई, सावळाराम आणि मुरारी. तुमच्या दारासमोर तिकाटणं उभं राहील आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत मी टांगलेला खाली उतरेन. लोक हसतील. तू तेव्हा पदर तोंडाला लावून आत पळू नकोस, आणि सवयीनं धरायला तर मुळीच धावू नकोस. जिथं असशील तिथं उभी राहा आणि बघ. पंचांसमोर मी बसेन, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. माझ्या हातात काडी देतील. मी मामांना विचारणार नाही, पंचांना विचारणार नाही, तुला विचारेन. तू 'मोडा' म्हणालीस तर मोडेन, तिथल्या तिथं, हात कापू न देता. लेकीला एकदा मांडीवर घेईन आणि परत जाईन. मागं माझं कसं होईल याचा विचार करू नकोस. वर वाचलंसच ना, आई मला एका हातानं हलवते, उद्या आई नसली तर मुरारीचा धाकटा हलवेल. कीव आली म्हणून माझ्या गाडीत बसू नकोस, धर्म म्हणून बसू नकोस, मामांवर राग काढायला तर नकोच नको. तू होतीस तेव्हा मला कधी कळलं नाही की तू राहतेस ती माझ्यासाठी की माझ्या वजनासाठी, आणि विचारायची मला हिंमत नव्हती, कारण उत्तर काहीही असलं तरी सकाळी उचलायचं तुलाच होतं. आता नाही. मला उचलायला तू लागत नाहीस, गवरा. हे तुला तोंडावर सांगता यावं म्हणून एवढा खटाटोप केला. तू लागत नाहीस, आणि तरीही मला तू हवी आहेस.

तुझाच, सोमवारी काहीही झालं तरी तुझाच,
ज्योतीराम